दयेची मुदत किती?

आपल्या इकडे पाऊस लागून भाताच्या लावणीला हात घातला, कीं थोड्याच दिवसांत कोणा ना कोणाच्या बोटाला नखुरडें झाल्याचें ऐकूं येतें. चिखलांत व पाण्यांत दिवस दिवस बुडालेल्या बोटांची कातडी मऊ पडते. नखाच्या कडेस एखादी बारीक चीर जाते, काटा रुततो, किंवा सवयीप्रमाणें कोणी नखाजवळची सुटलेली साल दातानें तोडतो. आणि तेवढ्या वाटेनें रोगजंतु आंत शिरतात. मग कड लाल होते, सुजते, ठणका लागतो. रात्रीं तो ठणका इतका वाढतो, कीं माणूस हात उंच धरून भिंतीला टेकून बसतो. पू धरतो, नखाखालीं पसरतो, नख आपल्या जागेवरून सुटतें, आणि एके दिवशीं पट्टीच्या कापडाबरोबर अलगद निघून येतें. ज्यानें हें एकदां भोगलें आहे त्यास अधिक सांगावयास नको.

ह्या लहानशा दुखण्यावरून एक मोठा प्रश्न उपस्थित होतो. मंडळीच्या वडिलांनीं, उपदेशकांनीं व घरोघरच्या कर्त्या माणसांनीं तो विचारांत घ्यावा म्हणून हा लेख लिहिला आहे. प्रश्न असा : दुसऱ्याच्या दुःखाविषयीं आपण जी दया करितों तिची मुदत किती? ती केव्हां सुरू होते हें आपणांस ठाऊक आहे. ती केव्हां संपते, व केव्हां संपावी, ह्याचा विचार मात्र क्वचितच कोणी करितो.

पू धरलेला असतो तोंवर घरांत व शेजारांत कोणी कमी पडत नाहीं. एकजण लिंबू आणतो व त्यास भोक पाडून बोट त्यांत घालावयास सांगतो. दुसरी पोटीस बांधून देते. येणारा जाणारा, ‘रात्रीं झोंप लागली काय?’ असें विचारतो. उपासनेंत नांव घेऊन प्रार्थना होते. ह्यांत खोटें कांहीं नाहीं. ती दया खरीच असते. परंतु पू वाहून गेला, नख गळून पडलें व ठणका थांबला, म्हणजे विचारणारेहि थांबतात. सर्वांच्या मतें दुखणें संपलें. वास्तविक पाहतां त्या वेळीं दुखण्याचा लहान भाग संपलेला असतो, आणि मोठा भाग सुरू झालेला असतो.

असें कां म्हणतों हें समजण्यासाठीं नख म्हणजे काय तें आधीं पाहूं. जें नख आपण कापतों तें मेलेलें असतें. बैलाच्या शिंगाचें वरचें आवरण, घोड्याचा खूर व आपले केंस ज्या द्रव्याचे घडले आहेत, त्याच द्रव्याचें नखहि घडलें आहे. शास्त्रज्ञ त्यास केराटिन म्हणतात. त्यांत रक्त नाहीं, ज्ञानतंतु नाहींत. म्हणून कापतांना दुखत नाहीं. जें जिवंत आहे तें त्याच्या खालीं व मागें आहे. खालीं कोंवळें मांस असतें. त्यास आपल्या भाषेंत जिव्हाळी म्हणतात, आणि जिव्हाळा हा शब्द तिचाच सोयरा आहे. मागें, बोटाच्या कातडीच्या घडीखालीं, आपल्या दृष्टीआड नखाचें मूळ असतें. अंगठ्याच्या नखाच्या तळाशीं जी पांढरट चंद्रकोर दिसते, ती त्या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग होय. नख झाडाच्या फांदीप्रमाणें शेंड्याला वाढत नाहीं. गवताप्रमाणें बुडाशीं वाढतें. गुरानें गवताचा शेंडा खाल्ला तरी पातें खालून वर येतें, हें आपण रोज पाहतों. तसेंच मूळ शाबूत असेल तर नख गेलें तरी तें पुन्हां येतें. देवानें आपल्या हातांची रचना करितांना एवढी सोय करून ठेविली आहे, ह्याबद्दल आपण त्याचे आभार मानलेच पाहिजेत.

परंतु तें येतें किती हळू! हाताच्या बोटाचें नख एका महिन्यांत सुमारें ३ मिलिमीटर पुढें सरकतें, म्हणजे तांदळाच्या लांब दाण्याच्या जवळजवळ निम्म्याइतकें. संपूर्ण नख गेलें असेल तर तें भरून यावयास सुमारें सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याचें असेल तर वर्ष, कधीं दीड वर्ष. श्रावणांत गेलेलें नख नाताळच्या सणालाहि बहुधा अपुरेंच असतें. अमेरिकेंत विल्यम बीन नांवाचे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांनीं आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशीं दर महिन्यास एक खूण करावी, आणि ती शेवटास पोहोंचावयास किती दिवस लागले हें लिहून ठेवावें, असा क्रम पस्तीस वर्षें चालविला, व १९८० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बत्तिसाव्या वर्षीं त्यांचें नख दिवसास ०.१२३ मिलिमीटर वाढे. सदुसष्टाव्या वर्षीं तें ०.०९५ मिलिमीटर वाढूं लागलें. म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षां अधिक दिवस वाट पाहावी लागते, हें त्यावरून दिसतें. पस्तीस वर्षें एका अंगठ्याकडे पाहत बसणें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. मला मात्र त्या गृहस्थांचा हेवा वाटतो. आपण शेजाऱ्याच्या बोटाकडे पस्तीस दिवससुद्धां पाहत नाहीं.

त्याहून जुनी एक गोष्ट आहे. १८४६ सालीं बो ह्या आडनांवाच्या एका फ्रेंच वैद्यानें असें दाखविलें, कीं मोठ्या दुखण्यांत नखाच्या मुळाचें काम मंदावतें, आणि दुखणें उतरल्यावर पुन्हां चालू होतें. पण त्या खंडाची खूण नखावर आडव्या खळग्याच्या रूपानें राहते. तो खळगा मुळापासून किती पुढें गेला हें मोजून दुखणें केव्हां येऊन गेलें ह्याचा अदमास करितां येतो. अलीकडे लहान मुलांत हात, पाय व तोंड ह्यांवर फोड येणारा एक सांथीचा ताप दिसतो. मूल आठदहा दिवसांत खेळूं लागतें. मग महिना दोन महिन्यांनीं त्याचीं नखें सुटूं लागतात, आणि आईबाप घाबरून कोणाची दृष्ट लागली, कोणीं करणी केली, असें म्हणूं लागतात. ख्रिस्ती आईबापांनीं तरी असें म्हणूं नये. ती मागल्या तापाचीच उशिरा दिसणारी खूण असते, आणि तीं नखें पुन्हां येतात.

‘दुखणें येतें हत्तीच्या पावलानें व जातें मुंगीच्या पावलानें’ असें आपले वाडवडील म्हणत आले. म्हणण्यांत आपण पटाईत आहों. पण हत्ती आला कीं सारा गांव धांवतो, आणि मुंगी चालूं लागली म्हणजे तिच्याबरोबर चालावयास कोणी उरत नाहीं.

एका मंडळींतील एका बहिणीची हकीकत सांगतों. तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीला नखुरडें झालें. आरोग्यकेंद्रांत नेऊन पू काढविला, औषध झालें, आणि कांहीं दिवसांनीं नख निघून गेलें. तोंवर जाऊ भांडीं घाशी, नवरा पाणी भरी, धुणें दुसरें कोणी करी. पुढच्या रविवारीं ती बरी झाली म्हणून मंडळीनें देवाचे आभार मानले. सोमवारीं सकाळीं उष्टीं भांडीं पूर्ववत् तिच्यापुढें आलीं. बोटाच्या टोकाला नख नव्हतें. नुसती उघडी जिव्हाळी होती. राख लागली कीं ती भाजल्यासारखी होई. मिरची वाटली कीं रात्रभर आग होई. गांठ सोडवितां येईना, तांदळांतला खडा उचलतां येईना. शिवाय डॉक्टरीणबाईंनीं बजावलें होतें, कीं बोट सारखें ओलें राहिलें तर पुन्हां पू धरेल. तिनें आणखी कांहीं दिवसांची सवलत मागितली. सासू म्हणाली, ‘अग, काल देवाचे आभार मानले ना? मग आतां काय राहिलें?’ ती म्हणाली, ‘आत्याबाई, ठणका गेला, पण नख कोठें आलें आहे?’

ह्या सासूला कोणी एकदम कठोर म्हणूं नये. चाळीस वर्षें तिनें त्याच राखेनें भांडीं घासलीं. तिचीं बोटें चिरलीं, नखें काळीं पडलीं, आणि तिच्या वेळीं तिला कोणीं आठ दिवसांची सवलतहि दिली नाहीं. जिला कधीं दया मिळाली नाहीं तिनें ती मोजून मापून दिली, ह्यांत नवल नाहीं. शिवाय तिचा प्रश्न सर्वांच्या मनांतलाच आहे. ती तो बोलून दाखविते इतकेंच. आभारप्रदर्शन झालें, आतां काय राहिलें? देवाचे आभार मानले म्हणजे आपला भार संपला, असा कांहींसा समज आपल्या मंडळ्यांत रुजला आहे. प्रार्थना ऐकिली गेली, हिशेब पुरा झाला, वही मिटली.

त्याच गांवीं दुसरें एक बोलणें निघालें, तें मला अधिक वाईट वाटतें. प्रार्थनेनें ठणका गेला तसें नखहि कां आलें नाहीं? तिच्या विश्वासांत उणें असेल, असें एकदोघे म्हणाले. अशा बंधूंनीं मार्काच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय पुन्हां वाचावा. बेथसैदा येथें प्रभूनें एका आंधळ्यावर हात ठेविले, तेव्हां त्यास पहिल्यानें अर्धवटच दिसूं लागलें. माणसें त्याला चालत्या झाडांसारखीं भासलीं. प्रभूनें पुन्हां त्याच्या डोळ्यांवर हात ठेविले, तेव्हां सर्व स्पष्ट झालें. ज्याच्या हातांत सर्व सामर्थ्य होतें त्यानें दोनदां हात लाविला, आणि त्या आंधळ्याला विश्वासांत उणा असें म्हटलें नाहीं. आणखी एक गोष्ट त्या वचनांत आहे, ती सहज नजरेंतून सुटते. पहिल्या स्पर्शानंतर प्रभूनें त्यालाच विचारलें, कीं तुला कांहीं दिसतें काय? बरें झाल्याचा निकाल त्यानें स्वतः देऊन टाकिला नाहीं, शिष्यांस विचारून दिला नाहीं, भोंवतालच्या लोकांस विचारून दिला नाहीं. ज्याचे डोळे होते त्याला विचारलें. दयेची मुदत ठरवावयाची तर ती कोणाला विचारून ठरवावी, हें येथें मला स्पष्ट दिसतें. त्या बहिणीला कोणीं विचारलें नाहीं. तिच्या वतीनें आभार मानण्यांत आले.

आतां समंजस माणूस म्हणेल, ‘पाळकसाहेब, हें बोलणें ठीक आहे, पण सहा महिने कोण कोणासाठीं झुरत बसणार? आम्हांस शेतें आहेत, गुरें आहेत, आमचीं स्वतःचीं दुखणीं आहेत.’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणें मला बरें वाटत नाहीं. कळवळा म्हणजे मनांत उठणारी लाट, ती फार दिवस टिकत नाहींच. दुसऱ्याचा ठणका पाहून आपल्या पोटांत कालवतें. ठणका थांबला कीं कालवणेंहि थांबतें. देवानें आपलें मन असेंच घडविलें आहे, आणि तसें नसतें तर गांवांतील प्रत्येक दुःखाखालीं दबून आपणच निजून राहिलों असतों. तेव्हां कळवळा संपला म्हणून मी कोणासहि दोष देत नाहीं. दोष असेल तर तो एवढाच, कीं दया म्हणजे कळवळाच, दुसरें कांहीं नाहीं, असें आपण धरून चालतों.

लूकाच्या दहाव्या अध्यायांतील शोमरोनी मनुष्य आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. तेलाची व द्राक्षारसाची गोष्ट आपण मुलांना सांगतों, जनावरावर बसविल्याची सांगतों, आणि बहुधा तेथेंच थांबतों. पण गोष्ट तेथें थांबत नाहीं. तो मनुष्य दुसऱ्या दिवशीं निघून गेला! त्याला आपला व्यवहार होता. तो त्या जखमी माणसाच्या उशाशीं महिनाभर बसला नाहीं, आणि त्याबद्दल प्रभूनें त्याला नांव ठेविलें नाहीं. परंतु जाण्यापूर्वीं त्यानें उतारशाळेच्या मालकाच्या हातीं दोन दीनार दिले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्याच्या मजुरांस दिवसाचा एक दीनार ठरला होता. म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. आणि ह्यापेक्षां अधिक लागलें तर परत येतांना देईन, असें त्यानें सांगून ठेविलें. ह्या शेवटल्या बोलण्यांत मुदत घातलेली नाहीं. जखम भरावयास किती दिवस लागतील हें त्यास ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं म्हणूनच त्यानें हिशेब उघडा ठेविला. रस्त्यावर त्याला जो कळवळा आला तो एका संध्याकाळचा होता. त्यानें केलेली व्यवस्था मात्र त्याच्या पाठीमागें चालत राहिली. मला वाटतें, ह्या दृष्टांतांतील अवघड भाग तेलाचा नाहीं, ह्या उघड्या हिशेबाचा आहे. तेल ओतणें त्या क्षणीं सुचतें. परत येईन असें म्हणून परत येणें हें दुसऱ्या कोणत्याहि कामांत आठवण न राहण्यासारखें असतें.

तेव्हां मनांत लाट नसतां दया कशी चालवावी? ह्याचें एक उदाहरण मला वैद्यकशास्त्रांतच सांपडतें. डॉक्टर पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापांच्या पोटीं १९१४ सालीं तामिळ मुलुखांतील कोल्ली डोंगरांत जन्मले, व १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत काम करूं लागले. कुष्ठरोगानें बोटें झडतात असें तोंवर सर्व जग मानीत होतें. त्यांनीं दाखविलें, कीं रोग बोटें खात नाहीं. रोग ज्ञानतंतु मारतो, मग हाताला दुखणें कळेनासें होतें. असा मनुष्य तापलेलें भांडें उचलतो, काटा रुतला तरी काम करीत राहतो, जखम चिघळते, आणि दुखत नसल्यामुळें तिच्याकडे तो पाहत नाहीं. बोटें जातात तीं अशा दुर्लक्षामुळें. म्हणून अशा रोग्यांस असें शिकवितात, कीं रोज हात व पाय डोळ्यांनीं तपासावे; दुखत नसलें तरी तपासावे. दुखणें जें काम आपोआप करितें, तें त्यांनीं नियमानें करावयाचें. ज्यांनीं तो नियम पाळला त्यांचे हात वाचले.

मंडळी ही एक शरीर आहे असें पौल करिंथकरांस लिहितो, आणि आपण तें व्यासपीठावरून वारंवार सांगतों. पण एका अवयवाचा ठणका जेथें दुसऱ्या अवयवास कळेनासा झाला आहे, तेथें नुसतें शरीर शरीर म्हणून काय होणार? तेथें डोळ्यांनीं तपासण्याचा नियमच पाहिजे. कळवळा असो वा नसो, अमक्या दिवशीं अमक्याच्या घरीं जावें, बोट पाहावें, काय अडतें तें विचारावें. कोणी म्हणेल, ही कोरडी दया झाली. असेना. ज्याच्या घरीं पाणी भरून मिळतें, त्याला भरणाराचे डोळे ओले होते कीं कोरडे, ह्याची फारशी चौकशी नसते.

आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो विशेषेंकरून घरांतल्या वडील बायका काढतात. बरें झालेलें असूनहि काम टाळण्यासाठीं कोणी बोट पुढें करील, मग काय? अशीं माणसें असतात. थेस्सलनीका येथेंहि होतीं, आणि पौलानें त्यांस स्पष्ट शब्दांत ताकीद दिली. नखाच्या बाबतींत तर हा प्रश्न सोपा आहे : नख दिसतें. अर्धें आलें असेल तर अर्धें दिसतें, आणि ढोंग चालत नाहीं. शिवाय हात ओला करूं नये ह्याचा अर्थ हात चालवूं नये असा नव्हे. डाळ निवडणें, मूल सांभाळणें, भाकरी टोपलींत भरून शेतावर नेणें, मुलांचा अभ्यास घेणें, हीं कामें त्या बहिणीनें आनंदानें केलीं असतीं. सहा महिने बसवून ठेवा असें कोणी म्हणत नाहीं; ओलें काम काढून कोरडें द्या, एवढेंच मागणें आहे. घरांतील कामांची अदलाबदल करावयास पैसा लागत नाहीं. लागतो तो थोडा मान सोडावा लागतो, विशेषतः पुरुषांस, कारण भांड्यांकडे बसणें त्यांना कमीपणाचें वाटतें. ज्या प्रभूनें कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या शिष्याला चार तपेल्या घासावयास लाज कां वाटावी, हें मला कळत नाहीं.

खरी अडचण न दिसणाऱ्या नखांची आहे. विधवेच्या घरीं दहा दिवस माणसांची रीघ असते. सहाव्या महिन्यांत, पेरणीचें बीं उसनें मागण्याची वेळ येते तेव्हां, ओटीवर कोणी नसतें. दारू सोडलेल्या बंधूची साक्ष आपण टाळ्यांच्या गजरांत ऐकतों. मग आठवड्याच्या बाजाराच्या संध्याकाळीं तो गुत्त्यावरून एकटाच घरीं येतो. आणि नव्यानें बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य! त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीं गायनें होतात, सर्व मंडळी त्याचा हात धरते. त्याच्या भाऊबंदांनीं त्याला तोडलें, घरच्या लग्नांत बोलावणें बंद झालें, हें त्या दिवशीं कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आलें तरी प्रभु पाहून घेईल असें म्हणून आपण जेवावयास बसतों. जुनें नातें म्हणजे माणसाचें नखच आहे. तें गळून पडलें, आणि नवें नातें मुळापासून महिन्याला अर्ध्या तांदळाइतकें वाढत आहे. मधल्या काळांत त्याची जिव्हाळी उघडी असते. त्या काळांत एखादा टोमणा, बसावयाच्या जागेवरून एखादा शब्द, त्याच्या पूर्वीच्या जातीचा सहज केलेला उल्लेख, हें सर्व त्याला राखेसारखें झोंबतें. तो ओरडला म्हणजे वडील म्हणतात, ‘हा अजून विश्वासांत दृढ झाला नाहीं.’ दृढ कोठून होणार? नख यावयाचें आहे. जुन्या मंडळीकरांचीं नखें दोन पिढ्यांपूर्वींच येऊन टणक झालीं आहेत, आणि टणक नखाला खालचें कांहीं कळत नाहीं.

कधीं कधीं नख परत येत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पू फार दिवस राहून मूळच नासलें, किंवा यंत्रांत बोट सांपडून मूळ चिरडलें, तर नख वेडेंवांकडें येतें, दुभंगून येतें, अथवा येतच नाहीं. तेथें वाट पाहा असें सांगत राहणें ही दया नव्हे, ती फसवणूक आहे. त्या माणसास स्पष्ट सांगावें, आणि तो आहे त्या हातानें कोणतें काम करूं शकेल हें त्याच्याबरोबर बसून ठरवावें. सहा महिन्यांची मुदत त्याला लागू नाहीं. त्याच्यासाठीं कामाची वांटणी कायमचीच बदलावी लागेल.

दुखणेकऱ्यानेंहि कांहीं पाळावयाचें असतें. नवें नख येतांना पातळ, खडबडीत व ओबडधोबड दिसतें. पुष्कळांस तें खरवडून काढण्याचा मोह होतो. तसें करूं नये. जुन्या नखाचा सुटलेला तुकडा ओढून काढूं नये. जितकें सुटलें तितकेंच कापावें. आणि मदत देऊं केली असतां, ‘नको, मी करीन’ असें तोंडदेखलें म्हणूं नये. आपल्या बायकांत ही संवय फार आहे, आणि तिला आपण उगाच नम्रता म्हणतों.

आतां उपचाराविषयीं थोडें, कारण लावणीचे दिवस आले म्हणजे उपदेशकांस घरोघर हेंच विचारलें जातें. नखाची कड नुकतीच लाल झाली असेल तर सोसवेल इतक्या गरम पाण्यांत दिवसांतून तीनचार वेळां बोट बुडवावें व मग नीट कोरडें करावें. पू धरला असेल तर घरच्या सुईनें अगर ब्लेडनें टोंचूं नये. आरोग्यकेंद्रांत जाऊन तो काढवावा, व औषध दिलें तर सांगितले तितके दिवस घ्यावें, ठणका थांबला म्हणून मध्येंच टाकूं नये. शेण, माती अगर चुना जखमेवर कदापि लावूं नये. शेणामातींत धनुर्वाताचे जंतु असतात. धनुर्वाताची लस पूर्वीं घेतली आहे काय, हें डॉक्टरांस सांगावें. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं एक दिवसहि दवडूं नये. ताप भरला, लाली हातावर चढूं लागली, किंवा बोट वांकेनासें झालें, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा; रात्र असली तरी गांठावा. नख गेल्यावर उघडी जागा स्वच्छ व झांकलेली ठेवावी, आणि पाण्यांत हात घालणें अगदींच टळत नसेल तर आंत सुती व वर रबरी हातमोजा घालावा.

यशयानें हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांची पोटीस बांधावयास सांगितली, हें दुसऱ्या राजांच्या विसाव्या अध्यायांत आहे. देवानें राजाला बरें करण्याचें वचन दिल्यावरहि ती बांधावयास सांगितली. तेव्हां औषध घेतल्यानें विश्वास कमी होतो असें कोणी म्हणेल तर त्यास तो अध्याय दाखवावा, आणि वाद न वाढवितां रोग्यास गाडींत बसवावें.

कांहीं मंडळ्यांत आजाऱ्यांच्या भेटींची एक वही असते. तिच्यांत नांव, दुखणें व भेटीची तारीख असे तीन रकाने असतात. वडिलांनीं त्यांत चवथा रकाना आंखावा व त्यावर ‘पुढची भेट’ असें लिहावें. नखुरड्याच्या नोंदीपुढें त्यांत एका महिन्यानंतरची तारीख घालावी, मग तीन महिन्यांनंतरची, मग सहा महिन्यांनंतरची. विधवेच्या व नव्या बंधूच्या नांवापुढें वर्षभराच्या तारखा घालाव्या. त्या त्या दिवशीं जो जाईल त्यानें प्रार्थना करण्यापूर्वीं बोट पाहावें, आणि हल्लीं भांडीं कोण घासतें हें विचारावें.